विश्वासाची अनामत

न्यायालयात किंवा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत भरलेल्या रकमेला मराठी माणूस अनामत म्हणतो. जुन्या नोकराने इमानेइतबारे चाकरी केली असे तो कौतुकाने सांगतो आणि दिलेला शब्द फिरविणाऱ्याला बेइमान ठरवितो. गोव्याच्या इगर्जींत प्रार्थना संपताना 'आमेन' हा उच्चार घुमतो, तोही त्याच्या कानाला परका नाही. अनामत, इमान आणि आमेन हे तीनही शब्द एकाच कुळातले आहेत, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. पहिले दोन अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत उतरले; मूळच्या 'अमानत' या शब्दातील अक्षरांची मराठी जिभेने अदलाबदल केली आणि त्याचे अनामत झाले. तिसरा हिब्रूतून ग्रीक व लॅटिन भाषांत आणि तेथून जगभर गेला. अरबी व हिब्रू या बहिणी-बहिणी असल्यामुळे दोहोंत हा धातू सारखाच आहे. त्याचा मूळ अर्थ स्थिर असणे, भक्कम असणे, ज्यावर निश्चिंतपणे भार टाकावा असे असणे, हा होय.

आद्य ख्रिस्ती लोक ज्याला विश्वास म्हणत त्याचे एक मूळ या धातूत आहे. जुन्या करारातील निर्गमाच्या पुस्तकात एका लढाईचे वर्णन येते. मोशेचे हात वर असतील तोवर इस्राएलाची सरशी होई. ते हात थकून खाली येऊ लागले तेव्हा दोघांनी दोन्ही बाजूंनी त्यांना आधार दिला आणि सूर्यास्तापर्यंत ते हात ढळले नाहीत. हातांच्या या न ढळण्याला हिब्रू लेखकाने जो शब्द योजला आहे तो 'एमूना' हा आहे. पुढे श्रद्धा, निष्ठा, विश्वास अशा अर्थांनी ज्याची भाषांतरे झाली तोच हा शब्द. म्हणजे मुळात तो मनातील समजुतीचा वाचक नव्हता. तो खांबाचा, पायाचा, टेकू दिलेल्या हाताचा गुण होता.

दुसरे मूळ ग्रीक आहे. ग्रीक भाषेतील 'पिस्तिस' हा शब्द देवळापेक्षा बाजारात आणि न्यायसभेत अधिक वावरत असे. व्यापाऱ्याची पत म्हणजे पिस्तिस, करारासाठी दिलेले वचन म्हणजे पिस्तिस, वक्त्याने श्रोत्यांची खात्री पटविण्यासाठी पुढे मांडलेला पुरावाही पिस्तिसच. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात तो या शेवटल्या अर्थाने वापरला आहे. रोमन लोकांनी याच कल्पनेला 'फिदेस' म्हटले, तिची देवता केली आणि कापितोल टेकडीवर तिचे देऊळ उभारले. सम्राटांच्या नाण्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि त्यांभोवती या देवतेचे नाव कोरलेले आढळते.

या गुंफलेल्या हातांत शब्दाचे सारे मर्म आहे. मराठीत विश्वास ठेवणारा तो भाविक आणि ज्याच्यावर विश्वास ठेवावा तो विश्वासू, असे दोन निराळे शब्द आहेत. ग्रीकमध्ये दोघांनाही 'पिस्तोस' म्हणत. शब्दाला दोन टोके होती. एका टोकाला भरवसा टाकणारा, दुसऱ्या टोकाला तो भरवसा राखणारा, आणि दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे पिस्तिस. पुढील काळात धर्मश्रद्धा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी खऱ्या मानणे, असा अर्थ इतका रूढ झाला की शब्दाचे दुसरे टोक जणू गळून पडले. ब्रिटिश इतिहासकार टेरेसा मॉर्गन यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विस्तृत ग्रंथात रोमन साम्राज्यातील लष्कर, कुटुंब, गुलाम व धनी, न्यायसभा आणि देवळे या सर्व ठिकाणचा या शब्दाचा वापर तपासून, पहिल्या शतकातील ख्रिस्ती लेखनात तो मुख्यत्वे नात्याचा वाचक आहे, असे दाखविले. मते मानणे त्यात होतेच. परंतु ते नात्याच्या पोटात होते.

पौलाची पत्रे या दृष्टीने वाचली की पुष्कळ गोष्टी उजळतात. इसवी सनाच्या सुमारे ५० ते ६० या दशकातील ही पत्रे ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत जुनी होत. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल देवाच्या पिस्तिसविषयी बोलतो. देव कशावर श्रद्धा ठेवणार? तेथे अर्थ उघड आहे: माणसे बेइमान झाली म्हणून देवाचे इमान खोटे ठरत नाही. शुभवर्तमान आपल्याकडे सोपविले गेले हे सांगतानाही तो त्याच धातूचे रूप वापरतो, जणू ती एक ठेव आहे आणि तो तिचा राखणदार. हबक्कूक संदेष्ट्याचे एक वचन पौलाने दोन पत्रांत आधाराला घेतले आहे. त्याचा प्रवास तर विलक्षणच. हिब्रू मूळ पाठात नीतिमान माणूस स्वतःच्या एमूनेने जगेल असा भाव आहे. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे देवाला बोलते केले आणि माणूस 'माझ्या' पिस्तिसने, म्हणजे देवाच्या सचोटीने, जगेल असे लिहिले. पौलाने 'स्वतःच्या' आणि 'माझ्या' ही दोन्ही विशेषणे गाळून नुसते पिस्तिस ठेवले. त्याने हे हेतुपूर्वक केले की काय यावर पंडितांचे वाद आहेत. परंतु इमान कोणाचे, देवाचे की माणसाचे, हा प्रश्न त्या वाक्यात उघडाच राहिला, आणि तो तसा राहण्यातच त्या शब्दाची गंमत आहे.

पौल नुसता तत्त्वचिंतक नव्हता. यरुशलेम येथील गरीब बांधवांसाठी तो ग्रीस व आशिया मायनर या भागांतील मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करीत होता. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, असे त्याने करिंथच्या लोकांना कळविले होते. एवढी रक्कम घेऊन दूर जायचे म्हणजे लोकांच्या मनात शंका येणारच. म्हणून मंडळ्यांनी स्वतः निवडलेला माणूस त्याने बरोबर घेतला आणि या पैशांच्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून ही खबरदारी आहे, असे स्पष्ट लिहिले. विश्वासाचा एवढा मोठा प्रवक्ता, पण हिशेबाच्या वेळी साक्षीदार मागणारा! सार्वजनिक निधी सांभाळणाऱ्या कोणालाही हे पत्र ओळखीचे वाटेल.

सुमारे ११२ साली काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील बिथिनिया-पोंतुस प्रांताचा अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजान याला या लोकांविषयी एक पत्र धाडले. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांना तो देवांची नावे घ्यायला, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पण करायला आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावी. जे तसे करीत त्यांना सोडून देई. अशा सुटलेल्या लोकांकडून त्याला जी माहिती मिळाली ती त्याने नोंदविली आहे. ते ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणत आणि शपथेने स्वतःला बांधून घेत. शपथ कशाची? कोणत्या गुप्त कटाची नव्हे. चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही आणि कोणी विश्वासाने ठेवलेली अनामत परत मागितली असता नाकारणार नाही. अधिक सत्य काढण्यासाठी प्लिनीने मंडळीत सेवेचे पद असलेल्या दोन दासींचा छळ केला. त्याच्या मते त्यातून एका अतिरेकी खुळापलीकडे काहीच निष्पन्न झाले नाही. त्या दोघींची नावे त्याने लिहिली नाहीत. अनामतीची गोष्ट मात्र त्याने लिहून ठेवली, हे इतिहासावर त्याचे उपकारच म्हणायचे. एका परक्या, नाखूश अधिकाऱ्याच्या दप्तरात ख्रिस्ती विश्वासाचे जे पहिले वर्णन सापडते त्यात ठेव बुडवू नये हे एक मुख्य कलम आहे.

जेथे विश्वास फार तेथे लुच्चेही फार. दुसऱ्या शतकातील उपहासकार लुकियन याने पेरेग्रिनस नावाच्या एका भोंदूची कथा लिहिली. तो तुरुंगात पडताच ख्रिस्ती लोकांनी त्याच्यासाठी दूरदूरच्या गावांहून पैसे पाठविले आणि त्या भोळ्यांच्या जिवावर हा गृहस्थ गब्बर झाला, असे लुकियन हसत हसत सांगतो. हे भोळेपण मंडळीलाही कळत होते. 'दिदाखे' या नावाच्या अतिशय जुन्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेची प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली. फिरत्या उपदेशकांना ओळखण्याची तिच्यातील कसोटी मोठी व्यवहारी आहे: एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा समजावा, आणि जाताना भाकरीवाचून दुसरे काही, विशेषतः पैसे, मागू लागला तरी खोटाच. संस्थानी मुलखातील धर्मशाळांच्या व्यवस्थापकांनाही याहून चांगला नियम सुचला नसता.

या साऱ्या काळातील सर्वांत बोलकी कथा रोम शहरातील एका पेढीची आहे. ती ज्या ग्रंथात आहे तो हिप्पोलिटस याच्या नावावर मोडतो. त्याचा मोठा भाग शतकानुशतके हरवलेला होता; १८४२ साली आथोस पर्वतावरील मठात हस्तलिखित सापडले आणि १८५१ साली ते छापले गेले. कोम्मोदस सम्राटाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८० ते १९२ या काळात, राजवाड्याच्या सेवेतील कार्पोफोरस नावाच्या ख्रिस्ती गृहस्थाकडे काल्लिस्तुस नावाचा गुलाम होता. धन्याने त्याला 'पिस्तोस' समजून, म्हणजे ख्रिस्ती आणि म्हणूनच विश्वासू समजून, बरेच भांडवल दिले आणि पिस्कीना पूब्लिका या वस्तीत पेढी काढून दिली. धन्याच्या नावावर भिस्त ठेवून मंडळीतील विधवांनी आणि बांधवांनी आपल्या ठेवी तेथे आणून ठेवल्या. पेढी बुडाली. काल्लिस्तुस पळाला आणि बंदरात जाऊन निघण्याच्या बेतात असलेल्या गलबतावर चढला. धनी पाठोपाठ येताना दिसताच त्याने पाण्यात उडी टाकली. खलाशांनी त्याला वर काढून धन्याच्या स्वाधीन केले. त्याची रवानगी जाते ओढायला झाली.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ठेवीदारांनीच धन्याला गळ घातली की याला सोडा, याचे पैसे लोकांकडे येणे आहेत, ते वसूल होतील. तो सुटला, पण एका यहुदी सभास्थानात जाऊन दंगा केल्याच्या आरोपावरून फटके खाऊन सार्दिनिया बेटावरील खाणीत गेला. सम्राटाची प्रिया मार्किया हिच्या खटपटीने तेथील ख्रिस्ती कैद्यांची सुटका झाली. सुटकेच्या यादीत काल्लिस्तुसचे नाव नव्हते. गयावया करून त्याने ते साधले, असे हिप्पोलिटस म्हणतो. त्यानंतरचा बिशप झेफिरिनस याने त्याला रोमला आणून मंडळीच्या दफनभूमीचा कारभार सोपविला. आणि सुमारे २१७ साली हाच माणूस रोमचा बिशप झाला.

हिप्पोलिटस त्याचा कट्टर वैरी होता, हे विसरता येत नाही. बुडालेल्या पेढीच्या वर्णनातील किती भाग द्वेषाचा आणि किती सत्याचा, हे आज वेगळे काढणे कठीण आहे. पण त्याच्या रागाचे खरे कारण तो लपवीत नाही: बिशप झाल्यावर काल्लिस्तुस घोर पाप केलेल्यांनाही पश्चात्तापानंतर मंडळीत परत घेऊ लागला. शेतात गहू आणि निदण एकत्र वाढतात, नोहाच्या तारवात शुद्ध आणि अशुद्ध दोन्ही प्राणी होते, असे दाखले तो देई. हिप्पोलिटसला हा कारभार म्हणजे बुडीत पेढीचीच दुसरी शाखा वाटली असावी. परंतु ज्याच्यावर टाकलेला भरवसा एकदा वाया गेला आणि ज्याला तरीही पुन्हा भरवशाचे काम मिळाले, त्याने दुसऱ्यांना तोच न्याय लावावा, यात नवल ते काय?

काल्लिस्तुसनंतर तीस वर्षे लोटली नाहीत तोच हा प्रश्न एका-दोघांचा न राहता हजारो माणसांचा झाला. २४९ साली गादीवर आलेल्या डेसियस सम्राटाने साम्राज्यातील सर्व रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. असे चाळीसांहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर टिकून राहिले आहेत. पहिला १८९३ साली प्रसिद्ध झाला. मजकूर ठराविक आहे. अमुक गावचा अमुक, आपण नेहमीच देवांना बळी देत आलो आहोत, आताही आपल्यासमक्ष अर्घ्य ओतले, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी दाखला मिळावा, ही विनंती. खाली साक्षीदार अधिकाऱ्याची सही आणि तारीख. बहुतेक २५० सालच्या जून-जुलैमधील. एक दाखला चक्क मगरदेव पेतेसूखोस याच्या पुजारिणीचा आहे. सरकारी फतव्याला पुजारीणही सुटली नाही.

कार्थेज शहरात लोकांची रांग लागली. तेथील बिशप सिप्रियन लिहितो की संध्याकाळ झाली, उद्या या, असे अधिकाऱ्यांनी सांगितले तरी लोक आजच उरकून घ्या म्हणून विनवीत होते. काहींनी बळी दिला; काहींनी चिरीमिरी देऊन बळी न देताच कागद मिळविला. सिप्रियन स्वतः शहर सोडून लपला होता आणि त्याबद्दल त्याला बोल ऐकावे लागले. छळाचा जोर ओसरताच घसरलेली माणसे मंडळीच्या दाराशी परत आली. लॅटिनमध्ये त्यांना 'लाप्सी' म्हणत. पतित हा शब्द त्याला नेमका बसतो. आता यांना आत घ्यायचे काय?

येथे एक विचित्र प्रकार घडला. तुरुंगात हाल सोसूनही न डगमगलेल्या लोकांची पुण्याई मोठी मानली जाई. पतितांनी त्यांच्याकडे धाव घेतली आणि ते उदारपणे शिफारसपत्रे लिहून देऊ लागले. काहींवर तर एकाचेच नाव घालून 'आणि त्याची माणसे' एवढेच लिहिलेले असे. मग त्या माणसांत वीस-तीस जण खुशाल घुसावेत. देवाला नाकारल्याचा सरकारी कागद एका हातात, देवाकडे परत घेण्याचा धर्मवीराचा कागद दुसऱ्या हातात! सिप्रियन संतापला. कागदाने तुटलेला विश्वास कागदाने जुळत नाही, प्रत्येकाची चौकशी व्हावी, प्रायश्चित्त व्हावे, असा त्याचा आग्रह होता.

पण चौकशी सुरू झाली तशी त्याची दृष्टीही बदलत गेली. आपल्या एका पत्रात तो माणसामाणसांतील फरक मांडतो. एकाने आपण होऊन धाव घेतली आणि बायकामुलांनाही ओढीत नेले. दुसरा एकटाच पुढे झाला, स्वतः ते पाप केले आणि आपल्या घरादाराला, कुळांना व आश्रयाला आलेल्यांना त्यापासून वाचविले. दोघांचा अपराध एकच म्हणायचा काय? कुटुंबाच्या विश्वासाला जागण्यासाठी देवाचा विश्वास मोडणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाची अडचण सिप्रियनला कळली, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण आहे. त्याच्या पोथीबंद व्याख्येत ती कोठेच बसत नव्हती. २५१ साली कार्थेजच्या सभेने दाखला विकत घेणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे आणि बळी देणाऱ्यांना मरणसमयी स्वीकारावे, असे ठरविले. थोड्याच काळात नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांनाच आत घेण्यात आले. ज्यांना लढाईला उभे करायचे त्यांना निःशस्त्र कसे ठेवावे, असा सिप्रियनचा युक्तिवाद होता. २५८ सालच्या १४ सप्टेंबरला त्याचा शिरच्छेद झाला. पूर्वी लपलेला बिशप या वेळी लपला नाही.

रोममध्ये नोव्हाशियन याला हे मान्य नव्हते. एकदा बेइमान तो कायमचा बेइमान, असे म्हणून त्याने वेगळी मंडळी काढली आणि ती पुढे काही शतके टिकली. ३२५ साली निकिया येथे भरलेल्या धर्मसभेच्या वेळी या पंथाचा बिशप अकेसियस याला सम्राट कॉन्स्टंटाईनने विनोदाने एक शिडी घेऊन एकट्यानेच स्वर्गात चढण्याचा सल्ला दिला, अशी आख्यायिका पाचव्या शतकातील इतिहासकार सोक्रातेस याने नोंदविली आहे.

निकियाचे नाव निघाले म्हणजे तेथील श्रद्धासूत्राचा विषय येतोच. विश्वास म्हणजे काही सिद्धांतांना मान्यता, ही समजूत बळकट झाली ती याच सूत्रापासून, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. अशा सूत्रांचे बीज बाप्तिस्म्याच्या वेळच्या प्रश्नोत्तरांत आहे. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावर विश्वास ठेवतोस काय, असे तीनदा विचारीत. तो तीनदा होकार देई. तर्तुलियन या आफ्रिकेतील लेखकाने २०० सालाच्या सुमारास त्या उत्तराला शिपायाच्या शपथेची उपमा दिली आहे. लॅटिनमध्ये या शपथेला 'साक्रामेंतुम' म्हणत. प्लिनीने वापरलेला शब्दही हाच, आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत संस्काराला जे साक्रामेंत म्हणतात ते याचेच रूप. विवाहातील वचनासारखी ही गोष्ट होती. त्या वचनात समोरची व्यक्ती कोण आहे याची माहिती असतेच, पण केवळ ती माहिती म्हणजे वचन नव्हे. पुढे ऑगस्टिनने लॅटिन व्याकरणाच्या आधारे हाच भेद दाखविला: देव आहे असे मानणे वेगळे, देवाचे म्हणणे खरे मानणे वेगळे आणि देवावर स्वतःला टाकणे वेगळे. पहिले दोन्ही तर सैतानांनाही जमतात. या विचारापाठीमागे याकोबाच्या पत्रातील जुना इशारा उभा होता. चौथ्या शतकात राजाश्रय मिळाल्यावर सूत्राच्या एका-एका अक्षरावरून बिशपांना हद्दपारी होऊ लागली आणि वचनापेक्षा माहितीला महत्त्व चढले, हा इतिहास निराळा आणि बराचसा खेदकारक आहे.

रोमच्या दक्षिणेस आप्पियन मार्गालगत भुयारी दफनभूमी आहे. बुडीत पेढीच्या त्या कारभाऱ्याकडे जिची देखरेख आली होती ती हीच. आजही ती काल्लिस्तुसच्या नावाने ओळखली जाते, जरी तो स्वतः तेथे नसून शहराच्या दुसऱ्या बाजूला पुरला गेला. १८५४ साली जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या संशोधकाला तेथील मातीने बुजलेल्या दालनात तिसऱ्या शतकातील बिशपांच्या कबरी सापडल्या. त्यांतील एका फुटक्या फरशीवर फाबियानस हे नाव ग्रीक अक्षरांत आहे. डेसियसचा हुकूम आल्यावर रोममध्ये पहिल्या बळींपैकी हा एक. २० जानेवारी २५० रोजी तो मारला गेला. नावापुढे बिशप या पदाची खूण आहे, आणि साक्षीदार या अर्थाचा, पुढे हुतात्मा या अर्थाने रूढ झालेला, शब्द आखूड करून कोरलेला आहे.